चंचलचं रक्त

कलाबाईला कबड्डीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आपल्या लेकीचा दम ती शंभर आवाजांत ओळखायची. सुरतेच्या लिंबायतमधल्या त्यांच्या खोलीच्या मागेच मराठी शाळेचं मैदान होतं. संध्याकाळी कलाबाई दारात बसून मार्केटातून आलेल्या साड्यांचे लोंबते धागे कापत असायची आणि भिंतीपलीकडून पोरींच्या कालव्यातून एकच आवाज वर यायचा. 'कबड्डी, कबड्डी, कबड्डी...' एका श्वासात, सरळ, कुठेही न अडखळता. शेजारणी अहिराणीत म्हणायच्या, "दख कलाबाई, तुनी चंचल उनी मैदानमा." कलाबाई मान वर करायची नाही, पण तिच्या हातातली कात्री थांबायची.

तिचा नवरा हिलाल उधन्याला लूम्सच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, कामाला होता. पाचोऱ्याकडचं गाव सोडून तो सुरतेत आला तेव्हा चंचल पोटात होती. मागांच्या खडखडाटानं त्याचे कान निम्मे गेले होते. तरी तो सगळ्यांना सांगायचा, "माले दुसरं काही ऐकू येस नही, पण पोरना दम ऐकू येस." हे धडधडीत खोटं होतं. कलाबाई ते कधीच खोडून काढायची नाही.

सत्त्याण्णव साली, बारावीत असताना, चंचल सुरतच्या संघात निवडली गेली. नवसारीला सामने होते. आयुष्यात पहिल्यांदा कलाबाई लेकीचा खेळ बघायला गेली आणि नेमका त्याच दिवशी तिनं तो मोडताना पाहिला.

सुरुवातीला सगळं झकास चाललं होतं. चंचल चढाईला गेली की समोरच्या पोरी मागे सरकायच्या. मध्यंतरानंतर मात्र तिचा आवाज बदलला. सर्दी झाल्यासारखा तो नाकातून यायला लागला, मग घोगरा झाला आणि भर चढाईत दम तुटला. तिला कुणी धरलंही नव्हतं. गुडघे आपोआप मुडपावेत तशी ती मध्यरेषेच्या पलीकडेच बसली. कलाबाई धावत गेली. पोरीची डावी पापणी अर्ध्यावर उतरली होती आणि ती उचलायला चंचल कपाळाला आठ्या घालत होती.

"पाय ऐकतस नही, माय," ती म्हणाली.

पोरींना कबड्डी शिकवणारे योगेंद्र सर कडक होते. ते म्हणाले, "सराव चुकवल्याचे हे परिणाम आहेत." चंचलनं एक दिवसही सराव चुकवला नव्हता. तिनं नुसती मान खाली घातली.

पुढचे दोन महिने घराला काही कळेनासं झालं. सकाळी उठली की चंचल पहिल्यासारखीच असायची, पाणी भरायची, अंगण झाडायची, आईच्या खोड्या काढायची. दिवस कलायला लागला की पोर विझत जायची. वेणी घालताना हात खाली पडायचे. भाकरी चावता चावता जबडा थकायचा, मग ती हनुवटीखाली हात लावून घास पुरा करायची. हसायला गेली तर चेहरा दात विचकल्यासारखा व्हायचा, म्हणून तिनं हसणंच सोडलं. एकदा देवापाशी दिवा लावून ती बघत राहिली आणि म्हणाली, "माय, माले दोन दिवा दिसी राहिनात."

तीन डॉक्टर झाले. एकानं ताकदीच्या बाटल्या दिल्या, दुसऱ्यानं रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या. दवाखाने सकाळचे आणि पोर सकाळी धडधाकट, त्यामुळे तिसऱ्यानं तिला उठाबशा काढायला लावल्या, त्या नीट निघाल्या, तेव्हा तो हिलालला बाजूला घेऊन म्हणाला, "शरीरात काही नाही. वयात आलेली मुलगी आहे. मनाचं असतं."

हे 'मनाचं' हिलालची थोरली बहीण सुभद्राबाई हिच्या कानावर गेलं. ती पुढच्याच गल्लीत राहायची आणि चंचलचा पाळणा तिनंच बांधला होता, त्यामुळे तिला बोलायचा हक्क होता आणि ती तो पुरेपूर वापरायची.

"ढोंग शे," ती म्हणाली. "अभ्यास नको, काम नको. लगीन लावी द्या, सगळं उतरी जाई. अमळनेरले एक स्थळ शे मना ध्यानमा."

चंचल आतच होती. ती बाहेर आली आणि पाण्याचा पेला तोंडाला लावून काही बोलणार, तोच पाणी घशात न उतरता नाकातून बाहेर आलं. ठसका लागला, डोळे पांढरे झाले. कलाबाईनं तिला वाकवून पाठीवर थापट्या मारल्या तेव्हा कुठे श्वास परत आला. सुभद्राबाई घाबरून भिंतीला टेकली. कलाबाई तिच्याकडे न बघता एवढंच म्हणाली, "मनी आंडेर, मनी पोर ढोंग करस नही, बाई. तिले ढोंग येसच नही."

त्याच आठवड्यात गल्लीतल्या दवाखान्याच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी हात टेकले. "मला हे कळत नाही," ते सरळ म्हणाले आणि त्यांनी मजुरा गेटजवळच्या डॉक्टर वशींकडे चिठ्ठी दिली. वशी हे नसांच्या आजारांचे डॉक्टर होते. अनाविल ब्राह्मण, बोलणं अस्सल सुरती, रांगडं आणि हात मात्र हळुवार.

वशींनी पहिल्यांदा विचारलं ते असं, "बेन, त्रास सकाळी जास्त की संध्याकाळी?"

कलाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतक्या दवाखान्यांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. "संध्याकाळी," ती म्हणाली. "सकाळी काहीच नसतं. म्हणून तर कुणाला पटत नाही."

डॉक्टरांनी चंचलला समोर बसवलं आणि छताच्या पंख्याकडे बघायला सांगितलं. मान हलवायची नाही, नुसते डोळे वर. सकाळची वेळ होती, पापण्या छान उघड्या होत्या. थोडा वेळ गेला. मग दुकानाचं शटर कुणी हळूहळू खाली ओढावं तशा दोन्ही पापण्या उतरू लागल्या आणि बाहुलीवर येऊन थांबल्या. हिलाल उठून उभाच राहिला. रोज संध्याकाळी घरात दिसायचं ते आज डॉक्टरांच्या टेबलासमोर, भर उजेडात दिसलं होतं.

मग डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिलं आणि तिला बाहेर बसवलं. काही वेळानं पापण्या बऱ्याच वर आल्या. चंचल आरशात बघून आईला म्हणाली, "माय, दख!" आणि बऱ्याच दिवसांनी हसायला गेली.

"माझा संशय पक्का होतोय," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या आजपासून सुरू करू. पण हा आजार वर्षानुवर्षं चालतो, पुढे छातीचं ऑपरेशनसुद्धा लागू शकतं. म्हणून मला रक्तातून खात्री करून हवी."

"रक्तात काय दिसंल?" हिलालनं विचारलं.

डॉक्टरांनी टेबलावर बोट वाजवलं, टकटक. "मेंदूचा निरोप नसेतून येतो आणि स्नायूच्या दारावर अशी टकटक करतो. दार उघडलं की हात हलतो, पापणी उचलते. आपल्या रक्तात पहारेकरी असतात, बाहेरून येणाऱ्या रोगांशी लढणारे. चंचलच्या रक्तातले काही पहारेकरी चुकलेत. ते घरातल्याच दारांना शत्रू समजून अडवून बसलेत. थोडी दारं मोकळी आहेत म्हणून सकाळी भागतं. वापरून वापरून दमलं की संध्याकाळी निरोप पोचतच नाही. त्या चुकलेल्या पहारेकऱ्यांना अँटिबॉडी म्हणतात. रक्तात त्या किती आहेत ते मोजता येतं. फक्त सुरतमध्ये नाही, मुंबईला पाठवावं लागतं."

चंचल खुर्चीत पुढे सरकली. ती म्हणाली, "मोजा, डॉक्टरसाहेब. मला बघायचं आहे."

रक्त काढलं, त्यातलं वरचं पिवळसर पाणी वेगळं केलं आणि बर्फात घालून कुरिअरनं मुंबईला रवाना केलं. एप्रिल संपत आला होता. पार्सल कुठल्याशा गोदामात पडून राहिलं, बर्फाचं पाणी झालं, शिशीचं झाकण सैल पडलं. मुंबईहून निरोप आला की नमुना खराब झाला आहे, दुसरा पाठवा.

हा निरोप हिलालनं घरी येऊन सांगितला आणि मागांच्या आवाजाची सवय असल्यामुळे तो जरा मोठ्यानंच सांगितला. संध्याकाळपर्यंत लिंबायतमध्ये बातमी फिरली की चंचलचं रक्त खराब निघालं. प्लेगच्या साली अर्धं सुरत पळून गेलेलं लोकांनी पाहिलं होतं, त्यामुळे आजाराचं नाव काढलं की माणसं दचकायची. कुणी म्हणालं मुंबईवाल्यांनीसुद्धा हात लावला नाही. नळावर बायका चंचलची कळशी जरा बाजूला सरकवायला लागल्या. अमळनेरच्या स्थळाकडूनही सुभद्राबाईला नकार आला, आणि ते स्थळ कुणाला हवंच नव्हतं हे विसरून ती चरफडली.

कलाबाईनं दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती नळावर गेली, कळशी खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आयकी ल्या. मन्या आंडेरनं रक्त खराब नही. बरफ पाघळना म्हणीसन शिशी खराब व्हयनी. आते दुसरी शिशी मी सोता लई जास, मांडीवर ठेईसन. ज्याले पुसनं शे त्यानी माले पुसा." एवढं बोलून तिनं कळशी भरली आणि डोक्यावर घेऊन ती घरी आली.

घरी हिलाल म्हणाला, "मी जास मुंबईले."

"तू पोरजोडे थांब," ती म्हणाली. "ठसका लागना तर तिले वाकाडानं, पाठवर थापट्या देवान्या. मी जास."

कलाबाई एकटी कधी नवसारीच्या पुढे गेली नव्हती.

डॉक्टरांच्या माणसानं थर्माकोलचा डबा बांधून दिला. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत शिशी आणि सभोवती बर्फ. बर्फ कमी झाला तर भर घालायची, शिशी ओली होऊ द्यायची नाही, डबा उन्हात ठेवायचा नाही. पहाटेच्या फ्लाइंग राणी एक्सप्रेसमध्ये बायकांच्या डब्यात तिला बिनगजांच्या, संकटकालीन खिडकीशी जागा मिळाली. डबा मांडीवर, त्यावर ओला पंचा, पंच्यावर दोन्ही हात. वलसाडला चढलेल्या एका बाईनं विचारलं, "शुं छे, मावशी? आईस्क्रीम?"

"मारी दीकरीनुं लोही छे, पोरीचं रक्त," कलाबाई तिच्या मोडक्या गुजरातीत म्हणाली. बाई टुणकन दूर झाली, मग थोड्या वेळानं पुन्हा जवळ सरकली आणि म्हणाली, "काय झालंय तिला?" कलाबाईनं सांगितलं. पहारेकरी, दारं, टकटक, सगळं. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की डॉक्टरांचं बोलणं तिला शब्दन् शब्द समजलेलं आहे. ऐकणाऱ्या बायका चार झाल्या, मग सहा. एकीनं आपल्या पंख्यानं डब्याला वारा घालायला सुरुवात केली.

वापी गेल्यावर डब्याच्या कोपऱ्यातून पाणी ठिबकायला लागलं. कलाबाईनं झाकण किंचित उचलून आत हात घातला. बर्फाचे खडे गोटीएवढे झाले होते. मुंबई अजून लांब होती आणि ऊन आत्ताच तापायला लागलं होतं.

डहाणूला गाडी थांबली. फलाटावर मासळीच्या टोपल्या लावून कोळणी बसल्या होत्या आणि टोपल्यांवर बर्फाच्या लाद्या होत्या. कलाबाईनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि ती ओरडली, "ओ ताई! बरफ द्या! पोरीचं रक्त आहे, मुंबईला न्यायचंय तपासायला, पाघळतंय!"

टोपलीशी बसलेल्या धिप्पाड कोळणीनं क्षणभर तिच्याकडे बघितलं. मग कोयत्याच्या मुठीनं तिनं लादीवर एक घाव घातला, मोठा तुकडा लुगड्याच्या पदरात धरला आणि ती खिडकीशी धावली. गाडी हलली होती. बर्फ खिडकीतून आत आला तो थेट पंखेवाल्या बाईच्या ओटीत. कलाबाईनं पदराला बांधलेले पैसे सोडायच्या आत कोळण म्हणाली, "वास येईल हं मासळीचा! पण थंड राहील!" आणि हसत मागे पडली. सगळ्या बायकांनी मिळून बर्फ फोडला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि शिशीभोवती रचला.

मुंबई सेंट्रलला उतरून टॅक्सीनं ती परळच्या प्रयोगशाळेत पोचली. खिडकीतल्या मुलीनं डबा उघडला, नाक मुरडलं आणि मग शिशीला हात लावून थांबली. "एकदम गार आहे," ती म्हणाली. "कुरिअर कोण?"

"कुरिअर नाही. मी तिची आई."

मुलीनं वर बघितलं. "सुरतहून तुम्ही हातात घेऊन आलात?"

"मांडीवर," कलाबाई म्हणाली.

मुलीनं आत जाऊन मोठ्या बाईंना बोलावलं. त्या पांढरा कोट घातलेल्या, चष्मेवाल्या. त्यांनी कलाबाईला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि डब्यातला माशांचा वास घेऊन त्या मनापासून हसल्या. "अहवालाला वेळ लागेल," त्या म्हणाल्या, "पण नमुना खराब झाला असं यावेळी कुणी म्हणणार नाही."

अहवाल यायला जून उजाडला. तोवर गोळ्यांनी चंचल थोडी सावरली होती, पण संध्याकाळ तिच्यावर अजून भारी होती. वशींनी तिघांना बोलावलं. हिलालनं खात्यात रजा टाकली. सुभद्राबाई आपणहून आली, कुणी बोलावलं नव्हतं, कुणी अडवलंही नाही.

डॉक्टरांनी कागद चंचलसमोर ठेवला. "तुला बघायचं होतं ना? त्या चुकलेल्या पहारेकऱ्यांचा आकडा जिथे अर्ध्याच्या आत हवा, तिथे तुझा वीसच्या वर आहे."

चंचल त्या आकड्याकडे बघत राहिली. असा आकडा बघून कुणी घाबरलं असतं. ती मात्र आधी हसली आणि मग एकदम हुंदके देऊन रडायला लागली. "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते," ती म्हणाली.

"एक अक्षरही नाही," डॉक्टर म्हणाले. "तुझं रक्त तुझ्या बाजूनं बोलतंय, बेटा."

मग हिलालनं डॉक्टरांना विचारलं, "हे एकदा पुन्हा म्हणता? जरा मोठ्यानं?" त्याला ऐकू आलं नव्हतं असं नाही. डॉक्टरांनी ते मोठ्यानं म्हटलं. बाहेर बाकावर बसलेल्या लोकांनीसुद्धा ऐकलं. सुभद्राबाईनं पदर तोंडाशी नेला, पुढे होऊन चंचलच्या दोन्ही गालांवरून हात फिरवला आणि बोटं आपल्या कानशिलावर मोडली. कलाबाईनं तिला आपल्या शेजारी बाकावर जागा करून दिली.

त्या पावसाळ्यात मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात चंचलच्या छातीचं ऑपरेशन झालं आणि पहारेकऱ्यांना चुकीचं शिकवणारी छातीतली गाठ काढून टाकली. सुभद्राबाई महिनाभर पेशंटजवळ राहिली आणि कुणाला रात्रपाळी करू दिली नाही. योगेंद्र सर फळं घेऊन आले. त्यांनी सगळ्या संघासमोर नवसारीचं बोलणं मागे घेतलं आणि चंचल म्हणाली, "सर, तुम्हाला काय माहीत होतं? मला तरी कुठे माहीत होतं?" सुधारणा मुंगीच्या पावलांनी झाली. वर्षभरानं संध्याकाळची भाकरी ती हनुवटीला हात न लावता खायला लागली. गोळ्या कमी होत गेल्या. चढाई तिनं सोडली, पण शाळेच्या पोरींना शिकवायला ती मैदानात उतरली, आणि पोरी तिला सरांपेक्षा जास्त भ्यायच्या.

एके दिवशी वशींचा निरोप आला. कतारगामला हिरे घासणारा एक कारागीर होता. भिंगातून बघता बघता त्याचे डोळे मिटायचे आणि कारखान्यात त्याला 'झोपाळू' म्हणून हिणवायचे. डॉक्टरांना चंचलचाच आजार वाटत होता, पण त्याची बायको रक्त द्यायला तयार नव्हती. मुंबईला रक्त गेलं की माणूस गेला, असं तिला कुणी तरी सांगितलं होतं.

मायलेकी रिक्षानं कतारगामला गेल्या. खोली लहान, दारात तुळस, आत तो माणूस एका हातानं पापणी धरून बसलेला. चंचल त्याच्यासमोर मांडी घालून बसली आणि सरळ गुजरातीत बोलायला लागली, घरातल्या अहिराणीचा लवलेशही नाही. सुई किती टोचते, गोळी कधी घ्यायची, ऑपरेशननंतर पहिल्यांदा खोकताना किती दुखतं. तिनं ओढणी जरा खाली करून त्याच्या बायकोला छातीवरचा व्रण दाखवला. ती बाई बघत राहिली, मग तिनं हळूच बोट लावून पाहिलं. कलाबाई भिंतीशी बसून ऐकत होती. निम्मं बोलणं तिच्या डोक्यावरून जात होतं, पण पोरीचा चेहरा ती वाचत होती आणि तेवढं तिला पुरेसं होतं.

शेवटी त्या माणसानं पापणीवरचा हात काढला आणि बाही वर सरकवली. "कधी यायचं रक्त द्यायला?" त्यानं विचारलं.

त्याच्या बायकोनं ताकाचे पेले आणून ठेवले आणि कलाबाईला विचारलं, "बेन, तुम्ही कुठल्या?"

लिंबायत म्हणजे मजुरांची वस्ती, नाव काढलं की या भागातल्या माणसांच्या भुवया वर जातात, हे कलाबाईला ठाऊक होतं. कुणी विचारलं तर ती नुसतं 'उधन्याकडच्या' असं मोघम सांगायची. आज ती ताठ बसली, ताकाचा घोट घेतला आणि म्हणाली, "अमे लिंबायतना. मराठी शाळेच्या मागची गल्ली. कुणालाही विचारा, चंचलचं घर कुठे, दाखवतील."